ओल ओळखणारा

"बोलू नोको, दाखव."

एवढंच म्हणायचा आणि तळहात पुढे करायचा. समोर गावचा पाटील असो की पहिल्यांदाच माल घेऊन आलेला पोरसवदा शेतकरी, ‘चार दिवस उन्हात वाळवलाय हो धान’ हे पुराण ऐकायला त्याच्याकडे सवड नसे. तळहातावर चिमूटभर धान आला की त्यातला एक दाणा डाव्या दाढेखाली ठेवायचा आणि डोळे मिटून चावायचा. कट् असा आवाज झाला तर म्हणायचा, "उतरव." दाणा नुसता चेपला तर थुंकून टाकायचा आणि दोन शब्द बोलायचा, "ओल हाय." त्या दोन शब्दांवर भरलेली ट्रॉली आल्या वाटेनं परत जायची.

गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये आम्ही अठरा-एकोणीस वर्षं सोबत काढली. मी काट्यावर, म्हणजे गाड्यांचं वजन करणारा बाबू. तो फाटकाजवळ, माल पारखणारा. ओल मोजायचं मशीन सेठजींनी केव्हाच आणून ठेवलं होतं, पण ते ऑफिसच्या कपाटावर धूळ खात पडलेलं असे. "मशीन का सेल उतरता है, इसका दाँत नहीं उतरता," असं सेठजी आल्यागेल्याला कौतुकानं सांगायचे. दाणा चावून तो धान नागऱ्याकडचा की बिरसीकडचा हेसुद्धा सांगत असे. खरंच कळायचं की आमची फिरकी घ्यायचा, हे मला शेवटपर्यंत समजलं नाही. तो पोवार होता, पूर्वज माळव्यातून आले म्हणून सांगायचा. मी म्हणायचो, "अरे, मग गहू पारखायचा सोडून धान कायले चावतोस?" तो म्हणायचा, "गव्हात का समजाचं हाय? गव्हाले कोणीई चावते."

आणि आमचा खर्रा. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून पानठेलेवाला हातानं घोटतो, तो चिकट झाला की पुडी बांधतो. बंदी आहे म्हणतात, पण आमच्याकडे चहाआधी खर्रा विचारला जातो. दुपारच्या सुट्टीत आम्ही एकच पुडी फोडायचो, अर्धी त्याची, अर्धी माझी. हंगामात दिवसाला पाच पुड्या होत. माल पारखायच्या आधी तो न चुकता चूळ भरून यायचा, एवढी मात्र कामावर निष्ठा.

पन्नाशीच्या सुमाराला त्याला तिखट झोंबायला लागलं. डब्यातली भाजी तो माझ्याकडे सरकवायचा आणि वरण-भात खायचा. आम्ही सगळ्यांनी मिळून निदान केलं, उष्णता. वहिनींनी सब्जाचं पाणी सुरू केलं. हमालांनी तूप सुचवलं. मी तर सगळ्यांत शहाणा. मी म्हटलं, हा ठेलेवाला सुपारी सडकी वापरत असेल, आपण ठेला बदलू. आणि हसू नका, आम्ही खरोखरच ठेला बदलला.

त्या वर्षी हंगामात त्यानं बारा ट्रॉल्या "उतरव" म्हणून आत घेतल्या. आठवड्याभरात त्या थप्पीतून आंबट वास यायला लागला. हमालानं पोतं फोडलं तर आतून वाफ निघाली, धान पिवळा पडलेला. सेठजी सगळ्यांदेखत ओरडले, "पूरा माल गरम हो गया! तू सो रहा था क्या?" त्यानं कोपरापर्यंत हात पोत्यात घातला, मूठभर धान काढला आणि तसाच पाहत उभा राहिला. चावला नाही. संध्याकाळी काट्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि हळूच म्हणाला, "डावी दाढ दुखून राहिली बाबू. दोन महिने झाले. मी उजवीकडे चावत होतो. उजवीकडे मले समजत नाई."

मग नागपूर झालं. डावा अर्धा जबडा काढला, छातीचं मांस गालाला लावलं, पुढे रेडिएशनचे तीस-बत्तीस शेक. परत आला तेव्हा गोंदिया स्टेशनवर मी घ्यायला गेलो होतो आणि त्याला ओळखलंच नाही. तोच माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी त्याच्या चेहऱ्याकडे न बघता पिशवीकडे बघून बोलायला लागलो, ते त्याला समजलं असणार. तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. शब्द निम्मे नाकातून यायचे. जेवण म्हणजे भाताची पातळ पेज, तीही भिंतीकडे तोंड करून, चमच्यानं. धान चावून पोट भरलेल्या माणसाला मी पेज पिताना एकदाच पाहिलं, नंतर जेवणाच्या वेळी त्यांच्या घरी जायचं टाळलं.

मिलमध्ये कपाटावरचं मशीन खाली उतरलं होतं. सेठजी वाईट नव्हते, त्यांनी त्याला फाटकावर बसायचं काम देऊ केलं. तो म्हणाला, "दुसऱ्याच्या हातातलं मशीन पाहात बसू का?" आणि घरी गेला. घराचा भार तोवर मुलानं उचलला होता. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून त्यानं स्टेशनच्या रस्त्यावर ठेला टाकला होता. ठेला कसला, ते ओळखायला ज्योतिषी नको. आमच्या गावात रोज हमखास खपणारी वस्तू एकच.

दीड वर्ष तो घरात बसून होता. एके दिवशी अचानक काट्यावर आला. गळ्यात कार्ड, खांद्याला पिशवी, पिशवीत टॉर्च. "बाबू, नोकरी लागली." मला हसू आवरेना. आमच्या बरोबरीचे लोक निवृत्तीची वाट पाहायला लागले होते आणि हा बावन्नाव्या वर्षी आयुष्यातलं पहिलं नेमणूकपत्र प्लास्टिकमध्ये घालून आणून दाखवत होता. नागपूरच्या दवाखान्यात तपासणीला गेला असताना त्याला कळलं होतं की एक संस्था गावोगाव लोकांची तोंडं तपासायला माणसं नेमते आहे. सहा दिवसांचं शिक्षण होतं. वर्गात सगळ्या नर्सिंग झालेल्या विशीतल्या मुली आणि मागच्या बाकावर हा. शिकवणाऱ्या मॅडम संकोचून म्हणाल्या होत्या, काका, तुमचं बोलणं लोकांना समजेल का? त्यानं उत्तर दिलं, "मले बोलाचं काम नाई मॅडम. लोक मले पाहूनच समजतीन." मॅडमनी त्याचं नाव यादीत घातलं.

पहिलं शिबिर त्यानं आमच्याच मिलमध्ये लावलं. हमालांची रांग केली, टॉर्च पेटवला आणि जुन्याच सुरात म्हणाला, "बोलू नोको, दाखव." तपासायची रीत सोपी होती. तोंड उघडायला लावायचं आणि त्या माणसाची स्वतःची तीन बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांगायची. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर गाल आतून आखडतोय. मग टॉर्चनं पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम शोधायची. शिकवलेले डॉक्टरी शब्द तो फॉर्मवर लिहायचा, तोंडानं मात्र धानाचीच भाषा. चांगल्या तोंडाला "उतरव", संशय आला की "ओल हाय". हमालांना हे डॉक्टरी भाषेपेक्षा लवकर समजायचं. त्या दिवशी वीस-बावीस जणांत तिघांना ओल निघाली.

शेवटी माझी पाळी आली. मी म्हटलं, "माझं काय पाहतोस? मी सोडला. तुला नागपूरला नेलं त्याच दिवशी सोडला."

त्यानं टॉर्च खाली केला. "खरं?"

"खरं."

"मंग राहू दे," म्हणाला आणि फॉर्म गोळा करायला लागला.

जन्मभर कुणाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं माझ्या बोलण्यावर ठेवला. आणि मी खोटं बोलत होतो. रोज दोन पुड्या चालू होत्या. त्या कुठून आणायचो तेही सांगून टाकतो. त्याच्या मुलाच्या ठेल्यावरून. कारण सगळ्या गोंदियात तेवढा एकच ठेला असा होता, जिथं तो कधी पाऊल टाकणार नाही याची मला खात्री होती. असा हा माझा हुशारपणा.

तो मात्र कामाला जुंपला होता. बीडीच्या कारखान्यात, बसस्टँडवर, आठवडी बाजारात, जिथं माणूस रांगेत किंवा सावलीत उभा असेल तिथं हा. महाशिवरात्रीला नागऱ्याच्या देवळाबाहेर चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिला होता. एका म्हातारीला वाटलं, हा प्रसाद देतोय. तिनं डोळे मिटून आ केला. यानं टॉर्च मारून सगळं तोंड तपासलं आणि म्हणाला, "उतरव, माय." म्हातारी डोळे मिटूनच, "दे ना मंग!" शेवटी शेजारच्या दुकानातून प्रसादाचे साखरेचे चिरंजीदाणे आणून तिच्या हातावर ठेवावे लागले. हे सांगताना तो हसायचा. हसताना त्याचा उजवाच गाल हलायचा, आणि हळूहळू आम्हाला त्या हसण्याचीही सवय झाली.

पण अशा गोष्टी थोड्या. बिरसीकडच्या एका रोजंदाराच्या तोंडात ओल निघाली होती. तो नागपूरला जायला तयार नव्हता. रोवणी झाल्यावर जातो, पोळा झाल्यावर जातो, कापणी झाल्यावर जातो. हा चार वेळा त्याच्या गावी गेला. चौथ्या वेळी मीही सोबत होतो. तो माणूस बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गुडघाभर चिखलात, हा बांधावर. तो खालून ओरडला, "तुह्यासारखं थोबाड घेऊन जगण्यापेक्षा मेलेलं बरं!" मला त्या माणसाच्या कानाखाली ओढावीशी वाटली. हा शांतपणे म्हणाला, "मी जगून तं राहिलो ना गा." रोजंदार कापणीनंतर नागपूरला गेला, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नव्हतं. असे कितीतरी. ज्यांना त्यानं पाठवलं त्यांतले बरेच त्याच्यासारखाच चेहरा घेऊन परत आले, काही आलेच नाहीत. तरी तो दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन निघायचा.

त्याच्या पाठीमागे गावात एक विनोद फिरत होता. बाप तोंडं तपासतो, पोरगा तोंडं भरतो. तो त्याच्याही कानावर आला असणार. मुलगा चोवीस-पंचविशीचा, स्वभावानं चांगला, मेहनती. पण पुड्या घोटता घोटता स्वतःही खायला लागला होता. बाप तोंड दाखव म्हणाला की त्याचं ठरलेलं उत्तर, "दाखवून का होते? घर तुमच्या गळ्यातल्या कार्डावर चालते का?" आणि ते खरं होतं. मानधन किती दिवस अडकायचं ते मानधनवालेच जाणोत.

एका दुपारी तो काट्यावर आला. बराच वेळ गाड्यांकडे बघत बसला. मग म्हणाला, "बाबू, माह्या पोराले तिखट लागून राहिलं."

मी लिहीत होतो ती वजनाची पावती बाजूला ठेवली.

"जेवताना मिरची बाजूले काढते. पोळी बारीक बारीक तोडते. मी हे सारं करून बसलो हावो, मले दिसते. पण माह्यासमोर तो तोंड उघडत नाई. हजारो लोकायनं उघडलं, हा उघडत नाई." त्यानं माझा हात धरला. "तुयासमोर उघडील. लहानपणापासून काका म्हणते तुले. मी पाहातो कसा ते तुले मालूम हाय. एकदा पाह्य. बस, एवढंच कर माह्यासाठी."

मी म्हटलं, "पाहतो रे. उद्याच पाहतो."

त्याच संध्याकाळी मी ठेल्यावर गेलो. ठरवून गेलो होतो. मुलानं मला लांबून पाहिलं आणि नेहमीप्रमाणे माझ्या पुडीची सुपारी पन्नीवर टाकून घोटायला सुरुवात केली. आता तुम्हीच सांगा, त्याला मी कोणत्या तोंडानं म्हणणार होतो, तोंड उघड म्हणून? पुडी घेतली आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी तेच, पुढच्या आठवड्यात तेच. तो भेटला की विचारायचा, "पाह्यलं?" मी सांगायचो, गर्दी होती, गिऱ्हाइकं होती, मूड नव्हता त्याचा. पाच-सहा वेळा विचारून त्यानं विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच्या मानेत गाठ आली. ती त्यानं स्वतःच बोटानं शोधली, डॉक्टरांनी नंतर. आता कापण्यासारखं काही नाही असं नागपूरला सांगितलं. तरी अंगात जोर होता तोवर तो रिक्षानं शिबिरांना जात राहिला. पुढे आवाज पार गेला, तेव्हा टॉर्च दाखवून नुसती खूण करायचा. दिवाळीनंतर, मिलच्या फाटकावर धानाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना, वहिनींचा फोन आला. मी पोचलो तेव्हा धुगधुगी होती. शेवटचं पाणी पाजायला मुलगा चमचा घेऊन बसला. तोंड उघडेना. मुलानं दोन्ही हातांनी बापाचे ओठ विलग करायचा प्रयत्न केला, पण आत चमचा जाईल एवढीही जागा नव्हती. पाणी गालावरून मानेवर ओघळलं. तो पुन्हा पुन्हा पाजत राहिला. शेवटी बायकांनी त्याच्या हातातून चमचा काढून घेतला.

तेरवी झाली. दोन दिवसांनी ठेला उघडला. मी भर दुपारी गेलो, गिऱ्हाईक नसतं अशा वेळी. मुंडण केलेल्या डोक्यानं तो आत बसला होता. मला बघून त्याचा हात सुपारीकडे गेला. मी म्हटलं, "राहू दे. तोंड उघड. तुझ्या बाबाला शब्द दिला होता मी."

त्यानं सुपारीवरचा हात मागे घेतला. मग शांतपणे म्हणाला, "आधी तुमचं काका."

मी आ केला. मला वाटलं होतं, मी पुरेसा मोठा आ केलाय. त्यानं मला माझी तीन बोटं घालायला लावली. दोन गेली, तिसरं जाईना. त्यानं मोबाईलचा उजेड माझ्या उजव्या गालात आतपर्यंत धरला, बराच वेळ. बापाचं काम त्यानं कधी जवळून पाहिलं नव्हतं असं मी समजत होतो. उजेड बंद करून त्यानं डबे आवरायला घेतले. "सकाळच्या गाडीनं जाऊ. मीई दाखवतो."

नागपूरला दोघांचीही तपासणी झाली. त्याचे गाल आखडायला लागले आहेत, पांढरे चट्टे आहेत, पण आज सोडलं तर तिथंच थांबण्याची आशा आहे, असं डॉक्टर म्हणाले. माझ्या गालाचा तुकडा तपासायला घेतला. त्याचा निकाल दुसऱ्या फेरीत मिळाला. पुढच्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. नंतर बोलता येईल की नाही सांगता येत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

निकाल घेऊन आम्ही दुपारच्या गाडीनं परत येत होतो. भंडारा रोड स्टेशन गेलं. मला खिडकीबाहेर बघवेना आणि त्याच्याकडेही बघवेना. एकच गोष्ट मनाला थोडा आधार देत होती, ती मी बोलून दाखवली. म्हटलं, "बरं झालं, तुझ्या बाबाला हे कळलं नाही. मी सोडला असंच समजून गेला तो."

मुलानं निकालाची फाईल पिशवीत घातली. मग म्हणाला, "बाबाले मालूम होतं काका."

"काय मालूम होतं?"

"तुम्ही खाता म्हणून. पह्यल्यापासून. रोज रात्री जेवताना मले इचारत, आज बाबू आला होता का, किती नेल्या? मी सांगत होतो. आमच्यात तेवढंच बोलणं राहिलं होतं." तो घुटमळला. "मीच म्हणलं, तुम्ही त्याईले काऊन नाई म्हणत? तं बाबा म्हणे, त्याले म्हणू नोको, सोताहून सांगल तो. म्हणूनच तं तुयाकडे पाठवून राहिलो त्याले. तुह्यं तोंड पाहाले बसला, का त्याले सोताचं उघडाच लागन."

म्हणजे माझा मित्र रोज वाट पाहत होता. मी रोज ठेल्यावर जात होतो, आणि तो तिकडे भिंतीकडे तोंड करून पेज पिताना मुलाला विचारत होता, आज काही बोलला का बाबू. दोन वर्षं. मला एकदा खरं सांगायचं होतं फक्त, तेही जन्मभराच्या मित्राला. तेवढं केलं असतं तर त्यानं आपल्या हातानं दोन तोंडं वाचवली असती. आता मुलाचं तोंड वाचेल बहुधा. ते बघायला तो नाही, याला कारण त्याचा आजार आहे. त्याला ते जिवंतपणी दिसलं नाही, याला कारण मी आहे.